खुर्चीचा धनी कोण?

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात आम्ही पर्सोनेल मॅनेजर होतो. एके दिवशी, जेवणाची सुट्टी संपता संपता, डिस्पॅच विभागातील एक तरुण क्लार्क आमच्या केबिनच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत ये म्हटले तरी येईना. मग आली, बसली, बराच वेळ गप्प राहिली. शेवटी तिने जे सांगितले त्याचा सारांश असा, की वर्क्स मॅनेजर तिला काही ना काही निमित्त काढून संध्याकाळी सहानंतर थांबवून घेतात, नको ते बोलतात, आणि आदल्या दिवशी त्यांनी तिचा हात धरला होता. तिचे प्रोबेशन संपायला दोन महिने उरले होते आणि तिला कायम करण्याच्या कागदावर सही व्हायची होती ती त्यांचीच.

आम्ही तिला पाणी दिले, धीर दिला. ‘काळजी करू नकोस, आम्ही पाहतो,’ असे सांगितले. आणि आठ दिवसांच्या आत तिची बदली भिवंडीच्या गोदामात केली. कायम झाल्याचे पत्रही तिच्या हाती ठेवले. वर्क्स मॅनेजरना बाजूला घेऊन ‘जरा सांभाळून’ एवढे दोन शब्द बोललो, ते हसले. मालकांनी आमची पाठ थोपटली. कारखान्याचे नाव कुठे आले नाही, मुलीचा बोभाटा झाला नाही, ऑर्डरी वेळेवर रवाना झाल्या. त्या रविवारी मिस्साला बसलो असता मनाला टोचणी अशी काही नव्हती. उलट, एका मुलीची अब्रू राखल्याचे समाधानच होते.

सहा महिन्यांनी तिने नोकरी सोडली. पुढे दीड वर्षाने त्याच विभागातील दुसऱ्या एका मुलीने कारण न देता राजीनामा दिला. तो आमच्याच टेबलावर आला. आम्ही तो वाचला, त्यावर सही केली आणि फायलीत लावला. या लेखाचा विषय ती सही आहे.

कायदा ठाऊक नव्हता असे म्हणण्याची सोय आम्हांला नाही. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी या ‘साथीण’ म्हणून सरकारी योजनेत काम करीत. बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला म्हणून १९९२ साली त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. कामावरच्या स्त्रीच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न घेऊन ‘विशाखा’ आणि इतर संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने उत्तर दिले की ती जबाबदारी मालकाची आहे. प्रत्येक आस्थापनेत तक्रार समिती असावी, तिची प्रमुख स्त्री असावी, निम्म्याहून कमी स्त्रिया नसाव्यात, आणि वरिष्ठांचा दबाव येऊ नये म्हणून बाहेरची एक व्यक्ती तिच्यात असावी, असे नियम न्यायालयाने घालून दिले. त्या निवाड्याची प्रत आमच्या कपाटात होती. समिती मात्र आम्ही नेमली नव्हती.

एकाच पावसाळ्यातील दोन घटना

वाचकहो, या प्रश्नाचा विचार करताना १९८८ सालच्या पावसाळ्यात घडलेल्या दोन घटना आम्हांला शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात.

पहिली १८ जुलैची. चंदीगड येथे एका मेजवानीत पंजाबचे पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी भारतीय प्रशासन सेवेतील अधिकारी रूपन देओल बजाज यांच्याशी असभ्य वर्तन केले. श्रीमती बजाज यांनी वरिष्ठांकडे दाद मागितली, पोलिसांत फिर्याद नोंदवली. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, गिल यांना पद्मश्री मिळाली आणि उच्च न्यायालयाने फिर्यादही रद्द केली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा जिवंत केली, १९९६ साली खालच्या न्यायालयाने गिल यांना दोषी ठरवले आणि २००५ साली त्या दोषसिद्धीवर सर्वोच्च न्यायालयाची अखेरची मोहोर उठली. सतरा वर्षे! आणि लढल्या त्या स्वतः श्रीमती बजाज आणि त्यांचे पती. ज्या सरकारच्या त्या नोकर होत्या, ते सरकार त्यांच्या पाठीशी उभे राहिले नाही.

दुसरी घटना १२ ऑगस्टची, दिल्लीतील. वस्त्रनिर्यात प्रोत्साहन परिषद या संस्थेच्या अध्यक्षांचा खासगी सचिव एका क्लार्क-टंकलेखिकेला मजकूर उतरवून घेण्यासाठी म्हणून एका बड्या हॉटेलात घेऊन गेला. हे काम तिला शिकवलेलेही नव्हते. तिथे त्याने तिच्याशी लगट करण्याचा प्रयत्न केला. तिने १६ ऑगस्टला तक्रार केली, १८ ऑगस्टला तो निलंबित झाला. रीतसर चौकशी झाली आणि वर्षाच्या आत, जून १९८९ मध्ये, त्याला नोकरीवरून काढून टाकण्यात आले. तो न्यायालयात गेला. प्रत्यक्ष अंगस्पर्श सिद्ध झालेला नाही, केवळ प्रयत्न झाला, असे म्हणत दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला परत कामावर घेण्याचा आदेश दिला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयात अपील केले ते परिषदेने. २० जानेवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परिषदेची कारवाई योग्य ठरवली. वरिष्ठाने हाताखालच्या स्त्रीशी केलेले असे वर्तन शब्दांच्या काथ्याकुटाने लहान करता येत नाही, असा त्या निवाड्याचा आशय आहे.

पहिल्या घटनेतील स्त्री मोठ्या हुद्द्यावरची होती, दुसरीतील कचेरीच्या उतरंडीत अगदी खालची. तरीही दुसरीला एकटीने वणवण करावी लागली नाही, कारण तिच्यासाठी अपीलकर्ता म्हणून तिचा मालक उभा राहिला. मालकाच्या जबाबदारीचा अर्थ यापेक्षा सोप्या रीतीने आम्हांला सांगता येणार नाही. छळ करणाऱ्याचे पाप त्याचे स्वतःचे. पण त्यानंतर ती स्त्री एकटी पडते की नाही, हे मालकाच्या हाती असते.

अधिकार उसना असतो

कोणी विचारील, अपराध एकाचा, मग जाब दुसऱ्याला का? कारखान्याबाहेर रस्त्यावर एखाद्याने छेड काढली तर आपण त्याच्या मालकाला दोष देत नाही.

प्रश्न रास्त आहे. पण विचार करा, त्या वर्क्स मॅनेजरने ती मुलगी सहानंतर थांबवली ती कशाच्या बळावर? तो तिच्यापेक्षा अंगाने दांडगा होता म्हणून ती थांबली नाही. कायम करण्याच्या कागदावर त्याची सही लागत होती म्हणून थांबली. ती सही, ती केबिन, ‘थांब’ म्हणण्याचा तो अधिकार त्याने घरून आणलेला नव्हता, तो कंपनीने त्याला दिला होता. आपली बैलगाडी आपण दुसऱ्याला हाकायला दिली आणि त्याने ती माणसांच्या अंगावर घातली, तर ‘गाडी माझी, पण हाकणारा मी नव्हतो’ एवढे म्हणून सुटका होत नाही. तो कशी हाकतो हे आपण पाहिले होते का, आणि पहिली तक्रार आली तेव्हा कासरा त्याच्या हातून काढून घेतला का, हे दोन प्रश्न उरतातच. वरिष्ठाच्या हातून होणाऱ्या छळात अधिकार हेच हत्यार असते. ज्याने ते हत्यार हाती दिले, त्याला हात झटकता येत नाहीत.

आणि मालक म्हणजे तरी कोण? २०१३ साली संसदेने केलेल्या कायद्याने कामाच्या जागेचे व्यवस्थापन, देखरेख आणि नियंत्रण ज्याच्याकडे आहे त्यालाही मालक मानले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ सालच्या आपल्या श्रमविषयक विश्वपत्रात याहूनही पुढे जाऊन ‘अप्रत्यक्ष मालक’ ही कल्पना मांडली. प्रत्यक्ष पगार न देताही ज्या व्यक्ती, संस्था आणि नियम कामगाराच्या कामाची परिस्थिती घडवतात, त्या सर्वांवर त्यांनी जबाबदारीचा वाटा ठेवला. त्या हिशेबाने आम्हीही मालकच होतो. ‘आम्ही तर नोकर’ ही पळवाट आम्ही पुष्कळ दिवस वापरली.

तीन सबबी

अशा वेळी तीन सबबी पुढे येतात. तिन्ही आम्ही दिल्या आहेत, म्हणून त्यांची ओळख आम्हांला चांगली आहे.

पहिली म्हणजे, माणूस कामाचा आहे. आमचे वर्क्स मॅनेजर खरोखरच कामाचे होते. बिघडलेले यंत्र ते नुसत्या आवाजावरून ओळखत. पण ही सबब नीट उलगडली तर तिचा अर्थ असा होतो, की अमुक इतके उत्पादन काढणाऱ्याला अमुक इतके अपराध माफ. मग त्या मुलीची अब्रू हा कंपनीने आपल्या अधिकाऱ्याला पगाराव्यतिरिक्त दिलेला भत्ता ठरतो. हे शब्द वाचायला कठोर आहेत. पण व्यवहार तोच होता, आणि त्याची किंमत ज्या मुलीने भरली तिला कोणी विचारलेही नव्हते.

दुसरी सबब खोट्या तक्रारींची. इथे उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची गोष्ट हमखास सांगितली जाते. पोटीफरच्या बायकोने आळ घेतला आणि निरपराध योसेफ तुरुंगात गेला. पण ही गोष्ट पुन्हा एकदा वाचून पाहा. त्या घरात नोकर कोण होता? योसेफ. मागे लागले होते कोण? मालकीण. नकार दिला म्हणून शिक्षा कोणाला झाली? नोकराला. म्हणजे ज्या गोष्टीचा आधार आपण साहेबांसाठी घेतो, ती मुळात सत्ताधाऱ्याने हाताखालच्या माणसाच्या केलेल्या छळाची गोष्ट आहे. आणि पोटीफर हा मालक म्हणून चुकला तो एवढ्याचसाठी, की त्याने चौकशी केली नाही. घरातल्या वजनदार माणसाचा शब्द त्याने प्रमाण मानला.

आपल्या बायबलमधील दानीएलच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात सुसान्नेची गोष्ट आहे. तिच्यावर डोळा ठेवणारे दोघे साधे पुरुष नव्हते, ते समाजाचे वडीलधारे होते आणि त्या वर्षाचे न्यायाधीशही होते. तिने नकार दिला तेव्हा त्यांनीच तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतला, आणि ते वडीलधारे म्हणून लोकसभेने त्यांच्यावर विश्वास ठेवून तिला मरणाची शिक्षा सुनावली. तिला वाचवले ते कोवळ्या वयाच्या दानीएलाने. त्याने काय केले? भावनेला हात घातला नाही. दोघांना वेगवेगळे उभे करून एकच प्रश्न विचारला: कोणत्या झाडाखाली पाहिलेत? दोघांनी दोन झाडे सांगितली. योसेफाला आणि सुसान्नेला, दोघांनाही एकाच गोष्टीची गरज होती. ज्याला कोणाच्या हुद्द्याची भीड नाही असा माणूस आणि निःपक्ष चौकशी. खोट्या तक्रारीची भीती ज्याला खरोखर वाटते, त्याने तर समिती नेमण्यासाठी सर्वांत आधी धावले पाहिजे.

तिसरी सबब खास आपली, ख्रिस्ती माणसांची आहे. क्षमा करावी. आम्हीही त्या मुलीच्या वडिलांना हेच सांगितले होते. ‘प्रभू क्षमा करायला सांगतो’ असे म्हणताना आपण काही चुकीचे बोलतो आहोत असे मनात आले नाही. आज कळते, की जखम ज्याची, क्षमाही त्याचीच. तिच्या वतीने क्षमा वाटून टाकण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला नव्हता. शिवाय प्रायश्चित्त संस्काराची आपली शिकवण क्षमेबरोबर पश्चात्ताप आणि झालेल्या हानीची भरपाई या दोन्ही गोष्टी मागते. वर्क्स मॅनेजर हसले होते. तिथे पश्चात्ताप नव्हता, भरपाई नव्हती. होती ती केवळ आमची सोय. आणि मनापासून क्षमा केली, तरी तीच खुर्ची, तीच सही त्याच माणसाच्या हाती ठेवावी असे क्षमेत कुठेच येत नाही.

कायदा कुठवर पुरतो

२०१३ च्या कायद्याने पुष्कळ गोष्टी स्पष्ट केल्या. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. दहाहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. घरकाम करणाऱ्या बायकांनाही तिचे दार उघडे आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी, सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. चौकशी नव्वद दिवसांत संपवावी, अहवाल मिळाल्यापासून साठ दिवसांत मालकाने कारवाई करावी. समिती न नेमणाऱ्या मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. तक्रार केवळ सिद्ध झाली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही कायद्यानेच सांगितले आहे. स्त्रीची इच्छा असेल तर समेट घडवता येतो, पण पैशाची देवघेव हा त्या समेटाचा पाया असू शकत नाही.

हे शेवटचे कलम मोठे मार्मिक आहे. २००३ साली आपल्या देशातील एका बड्या संगणक कंपनीने, तिच्या एका अत्यंत वरिष्ठ अधिकाऱ्यावर अमेरिकेत झालेला दावा तीस लाख डॉलरला मिटवला. खरे-खोटे न्यायालयात कधी तपासलेच गेले नाही. तक्रार खरी असेल तर न्याय झाला नाही, खोटी असेल तरीही झाला नाही.

परंतु कायदा दार बांधून देतो, ते उघडणारा हात माणसाचाच लागतो. समितीतील बहुतेक सभासद त्याच कंपनीचे नोकर असतात, आणि साहेबाची चौकशी करायची तर त्यांचीही बढती-बदली पुष्कळदा त्याच साहेबाच्या हातात असते. म्हणून बाहेरून घ्यायची व्यक्ती मालकाच्या ओळखीतली, होयबा असेल तर सारी समिती कागदावरच राहते. दावीद राजाला जाब विचारायला नाथान संदेष्टा यावा लागला. राजाच्या पंक्तीला बसणाऱ्याचे ते काम नव्हते.

दुसऱ्या टोकाचाही धोका आहे. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२३ रोजी बडतर्फीचा आदेश रद्द करून चौकशी नव्याने करायला सांगितली, कारण समितीने घाईघाईने कामकाज उरकताना त्याला बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नव्हती. त्याच निवाड्यात, कायदा होऊन दहा वर्षे झाली तरी कित्येक ठिकाणी समित्याच नाहीत, याबद्दल न्यायालयाने खेद व्यक्त केला. घाईचा तोटा अखेर तक्रार करणाऱ्या स्त्रियांनाच सोसावा लागतो. वर्षानुवर्षे गेल्यावर त्यांना सारे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागते.

आणखी एक फरक लक्षात ठेवावा. चौकशीतील नावे बाहेर फुटू नयेत असे कायदा सांगतो, ती गुप्तता माणसांच्या रक्षणासाठी आहे. आम्ही जे केले ते प्रकरण दाबणे होते, आणि ते संस्थेच्या नावाच्या रक्षणासाठी होते. गुप्तता पाळून चौकशी होते. प्रकरण दाबल्यावर ती होतच नाही.

हे सारे कारखान्यांनाच लागू आहे असे समजून आपण निश्चिंत होऊ नये. आपल्या शाळा, दवाखाने, पतसंस्था, धर्मग्रामांच्या कचेऱ्या याही कामाच्या जागा आहेत, तिथेही मुख्याध्यापक आहेत, संचालक आहेत, धर्मगुरू आहेत. भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेने २०१७ साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली नियम केले, त्यांत अधिकाराच्या बळावर केलेले लैंगिक अत्याचार आले, आणि असे अपराध दडपणाऱ्या बिशपांनाही जाब विचारण्याची तरतूद आली. आपल्या संस्थेच्या समितीवर कोण आहेत, त्यांची नावे भिंतीवर लावली आहेत का, हे विचारण्यात धर्मद्रोह नाही. ते विचारणे आपले कर्तव्य आहे.

भिवंडीचे गोदाम

दोन वर्षांपूर्वी वसईकडील एका लग्नाच्या मंडपात ती मुलगी आम्हांला भेटली. आता ती प्रौढ बाई आहे, मुलगा कॉलेजात आहे. तिनेच ओळख दिली. आम्ही चाचरत त्या दिवसांचा विषय काढला आणि म्हणालो, ‘आम्हांला वाटले, बदलीने तुझी सुटका होईल.’

ती रागावली नाही. म्हणाली, ‘साहेब, त्या गोदामात बाईमाणसासाठी संडास नव्हता. दिवसभर मी पाणीच प्यायचे नाही. आणि घरी, शेजारी, सगळे एकच विचारायचे, बदली तुझीच का झाली? तू काय केलंस?’

आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या बदलीच्या हुकमाने आम्ही न्याय टाळला होता असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात आम्ही निवाडा दिला होता, आणि सारे गाव तो बरोबर वाचत होते. ज्याची बदली होते तो दोषी. आजचा कायदाही चौकशी चालू असताना बदलीची सोय ठेवतो. पण ती स्त्रीने लेखी मागितली तर, आणि तिची किंवा त्याची. आम्ही तिला विचारलेच नव्हते. एवढा साधा प्रश्न, ‘तुला काय हवे?’, तो विचारला असता तर कदाचित ती म्हणाली असती, मला इथेच राहायचे आहे, ते सहानंतर थांबवणे बंद करा.

आम्ही तिची क्षमा मागितली. ‘जाऊ द्या साहेब, झालं ते झालं,’ असे म्हणून तिने वाढपाच्या रांगेकडे बोट दाखवले. ती क्षमा होती की केवळ शिष्टाचार, आम्हांला ठाऊक नाही. ते ठरवण्याचा अधिकार तिचा आहे. दुसऱ्या मुलीचा, जिच्या राजीनाम्यावर आम्ही सही केली तिचा, ठावठिकाणा आम्हांला लागलेला नाही.

हा मजकूर ज्या घरांत वाचला जाईल त्यांतल्या कित्येक मुली आज पहाटेच्या लोकलने कामाला गेल्या असतील. त्यांच्यापैकी कोणी संध्याकाळी घरी येऊन काही सांगू लागली, तर ‘सोड ती नोकरी’ हे आपले पहिले वाक्य असू नये. आधी तिचे पूर्ण ऐकावे, तारखा लिहून ठेवायला सांगावे, आणि तीन महिन्यांची मुदत ध्यानात ठेवावी. आणि आपल्यापैकी ज्यांच्या टेबलावर असा एखादा कागद येईल, मग ते मॅनेजर असोत, मुख्याध्यापक असोत की धर्मगुरू, त्यांना एवढेच सांगणे आहे, की सही करण्यापूर्वी क्षणभर थांबा. समोरच्या बाईला बसायला सांगा आणि विचारा, कारण काय?

आम्ही विचारले नव्हते.